फुकट चित्रे आणि मुक्त चित्रे

पाठाच्या स्लाइड करताना किंवा टिपणांचा रूक्षपणा घालवताना शिक्षकाला चित्रे लागतात, आणि पैसे न मोजता ती मिळण्याची सोय आता मुबलक आहे. विकिमीडिया कॉमन्स, नासाचे संग्रह, पिक्साबे, अनस्प्लॅश. शब्द टाकला की चित्रांचा ढीग. त्यातले सर्वात रंगीत चित्र उचलले जाते. कवितेच्या पानावर ते खपते. विज्ञानात मात्र चित्र हेही एक विधान असते, आणि विधान खरे की खोटे हे पाहावेच लागते.

जलचक्र घ्या. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेची जुनी आकृती जगभरच्या वर्गांत पोचली. तिथल्या केंद्र सरकारी खात्यांच्या चित्रांवर त्या देशात कॉपीराइट नसतो, त्यामुळे ती अनेकांनी उचलली, भाषांतरित केली, तिच्यावरून नव्या आकृत्या काढल्या. बर्फाचे डोंगर, नदी, समुद्र, ढग, सारे बाण जागच्या जागी. माणूस तेवढा नाही. २०१९ साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या देशांतल्या ४६४ जलचक्र-आकृत्या तपासल्या होत्या. त्यातल्या सुमारे ८५ टक्के आकृत्यांत माणसाचा पाण्याशी काही संबंधच दाखवलेला नव्हता. धरण नाही, विहीर नाही, ओलिताचे शेत नाही. सर्वेक्षण संस्थेने २०२२ साली धरणे, शेती आणि शहरांचा पाणीवापर दाखवणारी नवी आकृती काढली. जुनी अजूनही शोधात सापडते, आणि देखणी असल्याने उचललीही जाते.

आपल्या विद्यार्थ्यांना ती विशेष अपुरी पडते. कोयनेचे पाणी मूळचे कृष्णेच्या खोऱ्यातले, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघालेले. त्यातले पुष्कळ पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीकडे उतरते, वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. हा बाण त्या आकृतीत कुठे काढणार?

दुसरी चूक लहान, पण फार पसरलेली. पेशीत सामान्यतः आढळणाऱ्या डीएनएचे मळसूत्र उजवे असते. चित्र उभे धरले की पुढच्या बाजूचा धागा खालून वर जाताना डावीकडून उजवीकडे चढला पाहिजे. नेहमीच्या स्क्रूचे आटे असेच असतात. सजावटीच्या चित्रांत तो खुशाल उलटा चढतो. कधी चित्रकाराला ठाऊक नसते, तर कधी मांडणीच्या सोयीसाठी कोणी चित्र आरशातल्यासारखे उलटवलेले असते. (चित्र वरचे खाली फिरवले तर हा दोष येत नाही. का, ते विद्यार्थ्यांना स्क्रू देऊन शोधू द्या.)

या चित्रसाठ्यांत माझा कौल कॉमन्सला आहे. तिथेही चुका आहेतच, कारण कोणीही चित्र चढवू शकतो. पण चित्र कोणाचे, कधीचे, कुठून घेतले, परवाना कोणता, हे चित्राच्या पानावर नोंदवायचे असते, आणि ती नोंद नसेल तर निदान संशय तरी घेता येतो. वनस्पती-प्राण्यांसाठी शास्त्रीय नावाने शोधावे. ‘मँगो’ लिहिले तर सरबतापासून साडीपर्यंत काहीही येईल. ‘मँजिफेरा इंडिका’ लिहिले तर आंब्याचे झाड, मोहोर, कोय मिळेल. पिक्साबे, अनस्प्लॅश वातावरणनिर्मितीला ठीक. तिथल्या पक्ष्याच्या फोटोखाली प्रजातीचे नाव असेलच असे नाही, आणि असले तरी ताडून घ्यावे.

फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे त्यात बदल करायलाही परवानगी आहे. पहिल्या सोयीचा लाभ आपण भरपूर घेतो, दुसरी बहुधा वापरतच नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात ‘एनडी’ ही अक्षरे असतील तर बदललेले चित्र प्रसिद्ध करता येत नाही. कॉमन्सवर तसली चित्रे घेतच नाहीत. ‘बीवाय’ असेल तर कर्त्याचे नाव, परवाना आणि आपण केलेला बदल नोंदवावा. ‘एसए’ असेल तर सुधारलेले चित्रही त्याच परवान्याखाली द्यावे लागते. एसव्हीजी स्वरूपातली आकृती मिळाली तर उत्तम: इंकस्केपसारख्या मोफत प्रणालीत तिच्यातली नावे सहसा खोडून मराठीत लिहिता येतात, बाण वाढवता येतात. नववीच्या मुलांना दोन तासिकांत जलचक्रात आपल्या गावचे धरण आणि बोअरवेल बसवता येईल.