पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या!

उभ्या आयुष्यात मी बुक्की मारली ती फक्त कांद्याला. तरीही अली आणि फोरमन पुन्हा लढते तर कोण जिंकता, यावर मी मेहुण्याशी तासन्‌तास भांडू शकतो.

मेहुणा फोरमनवाला. "भाऊजी, १९७४ साली किन्शासात दोर ढिले होते हो! दोर ताणा, मग बघा!"

असतील ढिले. पण फोरमनला नडली ती घाई. आधीच्या ४० पैकी ३७ लढतींत त्याने समोरच्याला लोळवलेले. लांबण लावायची सवयच कुठली? अली दोरांना टेकून मार खात राहिला आणि आठव्या फेरीत दमलेल्या गड्याला त्याने आडवे केले. पुढच्या वर्षी लढते तरी हेच होते. स्वभाव काय, दोर ताणून बदलतो?

"मग १९९४चा फोरमन आणा!" मेहुणा कसला ऐकतोय!

हा मुद्दा मात्र बिनतोड. किन्शासातलीच चड्डी घालून पंचेचाळिसाव्या वर्षी फोरमनने मायकेल मूररला दहाव्या फेरीत लोळवले. तोवर तो थांबायला शिकला होता. पण शिकवले कुणी? अलीनेच ना! आणि गुरुजी तर तेव्हा दहा वर्षे पार्किन्सनशी झुंजत होते.

१९९७ साली किन्शासावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले, तेव्हा अलीला हाताला धरून पायऱ्या चढवल्या त्या फोरमनने. माझ्या लेखी फेरलढत झाली ती तीच.

"जिंकलं कोण?" मेहुण्याने विचारलेच.

मी कांदा फोडायला उठलो.