थॅलेट, गर्भावस्था आणि कार्यकारणाची भाषा

प्लास्टिक मऊ व लवचिक राहावे म्हणून त्यात जी रसायने मिसळतात, त्यांत थॅलेट हा एक प्रमुख वर्ग होय. गर्भवतीच्या शरीरात ती गेल्यास गर्भाचे काय होते, यावर गेल्या दोन दशकांत विपुल संशोधन झाले आहे. त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्याचे निष्कर्ष मराठीत ज्या शब्दांनी मांडले जातात, त्यांचे परीक्षण होणे अवश्य आहे.

शॅना स्वान व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली अमेरिकेतील ८५ माता-पुत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरोदरपणी मातेच्या लघवीत काही थॅलेटांचे अंश अधिक असता, मुलाच्या गुदद्वार व जननेंद्रिय यांमधील अंतर तुलनेने कमी आढळले. उंदरांवरील प्रयोगांत असाच प्रकार आधी दिसला असल्याने या निरीक्षणास वजन आले. पुढे २०२२ साली अमेरिकेतीलच सोळा अभ्यासांतील ६०४५ गर्भवतींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात अकाली प्रसूतीशीही संबंध दिसला.

येथे 'संबंध' हा शब्द नेमका आहे. मराठीत त्याचा 'परिणाम' होतो, आणि निरीक्षण व कारण यांतील अंतर एका शब्दात पुसले जाते. दुसरा दोष वर्गनामाचा. २००५ च्या अभ्यासात ज्यांचा संबंध आढळला त्यांत डायएथिल थॅलेटचा अंशही होता. हे द्रव्य मुख्यतः सुगंधी प्रसाधनांत वापरतात. केवळ 'प्लास्टिकची रसायने' असे म्हटले की प्रसाधने वाचकाच्या दृष्टीआड होतात. तिसरी मर्यादा मापनाची. थॅलेट शरीरातून बहुधा दिवसा-दोन दिवसांत बाहेर पडते. सबब लघवीचा एकच नमुना नऊ महिन्यांची साक्ष देऊ शकत नाही. तथापि अशा ढोबळ मापनाने खरा संबंध पुष्कळदा झाकलाच जातो. म्हणून 'सिद्ध नाही' याचा अर्थ 'निर्धोक आहे' असा करणे हाही तितकाच प्रमाद ठरेल.

आता हे निष्कर्ष गडचांदूरला लावून पाहावेत. चुनखडी व सिमेंट यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कोरपना तालुक्यातील या गावाच्या परिसरात मराठीबरोबर गोंडी, कोलामी व तेलुगूही बोलली जाते. येथील गर्भवतीच्या शरीरात थॅलेट किती व कोठून येते, गरम अन्नाच्या पिशवीतून की सुवासिक पावडरीतून, हे अमेरिकेतील नमुने सांगू शकत नाहीत. धूळ, चुलीचा धूर आणि रक्तक्षय यांच्या जोडीला हे द्रव्य आल्यास काय घडते, हेही त्यांवरून कळणार नाही.

या बाबतीत मार्गदर्शक उदाहरण शेजारच्या गडचिरोलीतच आहे. राणी बंग, अभय बंग व सहकारी यांचा दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. दवाखान्यात येणाऱ्यांपुरताच नमुना घेतला असता तर हे वास्तव हाती लागले नसते.

थॅलेटसंशोधनास हाच न्याय लागू आहे. नमुन्यात जी स्त्री नाही, तिच्याविषयी निष्कर्षही नाही. गडचांदूरच्या स्त्रीला प्रश्न विचारावयाचे, तर ते तिच्या बोलीत व तिच्या घरातील वस्तूंच्या नावांनी विचारले पाहिजेत. प्रश्नावलीतील शब्द चुकला, तर प्रयोगशाळेतील अचूक आकडाही व्यर्थ होय.