गँडाल्फ : इयत्ता पाचवी

माणसाची किंमत आकड्यांत करू नये असं जी मंडळी म्हणतात, त्यांना बँकेत नोकरी लागलेली नसते. आमच्या काउंटरवर माणूस येतो तो मुळी खातेक्रमांक म्हणूनच. त्याला नाव असतं, पण ते खातेक्रमांकाशी जुळतंय की नाही एवढंच पाहण्यापुरतं. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे आणि गेली बावीस वर्षं बँकेत कारकुनी केल्यामुळे मला या व्यवस्थेत काही गैर वाटत नाही. तेव्हा पुढे जी तक्रार मी मांडणार आहे ती आकड्यांविरुद्ध आहे, असा गैरसमज वाचकांनी करून घेऊ नये. तक्रार हिशेब ठेवण्याच्या पद्धतीविरुद्ध आहे.

त्याचं असं झालं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते आणि मला नसते. कारण त्या दिवशी माझा भाचा निनाद चार मित्रांना घेऊन डोंबिवलीच्या आमच्या जागेत खेळायला येतो. त्यांच्या कोणाच्याच घरी सहा माणसं बसतील एवढं टेबल नाही. आमच्याकडे आहे, कारण ते सासरेबुवांनी दिलं होतं आणि परत घ्यायला ते तयार नाहीत. पहिल्या शनिवारी मी चहा विचारायला गेलो तर एक शांत चेहऱ्याचा मुलगा म्हणाला, "मला नको काका, मी मेलोय." मी ट्रे घेऊन तसाच स्वयंपाकघरात परत आलो.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो 1974 साली बाजारात आणला. एक जण हरदासासारखा गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. आपलं पात्र काय करणार ते तोंडानं सांगायचं. जमलं की नाही, ते फासे ठरवणार. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो आणि त्यावर सहा गुण : ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि सहावा करिष्मा. तीन फासे टाकून प्रत्येकाला 3 ते 18 मधला आकडा मिळतो. 18 पडण्याची शक्यता 216 मध्ये एक. शिवाय किती घाव सोसून माणूस उभा राहील, याचा वेगळा आकडा. बुद्धी आणि शहाणपण यांचे रकाने वेगळे केलेले पाहून मला त्या गृहस्थांबद्दल आदर वाटला. त्यांनी नक्कीच कुठेतरी नोकरी केली असणार.

इथपर्यंत ठीक होतं. आपण पात्र बनवावं, त्याला आकडे द्यावेत, ते मेलं की चहा सोडावा. कुणाचं काही जात नाही. पण माणसाच्या हाती मोजपट्टी आली की तो घरातलं कपाट मोजून थांबत नाही, शेजाऱ्याचंही मोजतो. या खेळाच्या भक्तांनी जगातल्या कथा-कादंबऱ्यांचे नायक धरून आणले आणि एकेकाला या सहा रकान्यांत उभं केलं. 1976 मध्ये खेळाची एक पुरवणीच निघाली. तिच्यात ग्रीकांचे, नॉर्स लोकांचे आणि आपलेही देव होते, आणि त्यांच्या पंक्तीला रॉबर्ट हॉवर्डचा कोनन होता. 1980 साली देवांचं मोठं पुस्तक निघालं, त्यात झ्यूसला 400 घाव सोसण्याची मुभा आहे. म्हणजे चारशेएकाव्याला काय, ते उघडच आहे. जोराचा दणका मोजायला यंत्र ठेवलं की कुणीतरी हातोडा घेऊन येणारच!

या सगळ्या प्रकारातला माझा सर्वांत आवडता नमुना निनादनं मला दाखवला. 'द ड्रॅगन' नावाच्या मासिकाच्या पाचव्या अंकात, मार्च 1977 मध्ये, एक लेख आला होता. लेखाचं म्हणणं असं की, टोल्किनचा गँडाल्फ हा फक्त पाचव्या पातळीचा जादूगार होता. टोल्किनच्या पुस्तकांत गँडाल्फनं केलेल्या जादूच्या एकेका प्रयोगाची नोंद घेऊन, नियमपुस्तकात तो कुठल्या पायरीवर बसतो हे लेखकानं लावून दाखवलं आहे. बेरीज केल्यावर पाचवी पातळी पुरते.

खरं सांगतो, वाचताना मला भरून आलं. हे समीक्षण नव्हतं, हे ऑडिट होतं! आमच्याकडे दरवर्षी असाच एक तरुण येतो, चष्म्यावरून बघतो, व्हाउचर मागतो, आणि ज्याला व्हाउचर नाही ते घडलंच नाही असं लिहून जातो. तीन जाडजूड खंडांत मध्यपृथ्वीचे राजे ज्याच्या नुसत्या येण्यानं उठून उभे राहतात, जो बॅलरोगबरोबर दरीत कोसळून, मरून परत येतो, त्या म्हाताऱ्याला सांगायचं : आजोबा, तुमची कागदपत्रं पाहिली, तुम्ही पाचवीत.

लेखकाची बेरीज मी तपासली नाही, बरोबर असेल. चूक बेरजेत नाही, तिच्याआधीच झाली आहे. खात्यातून किती रक्कम काढली त्यावरून त्यानं शिल्लक ठरवली. आमच्या शाखेत एक आजीबाई येतात, महिन्याला हजार रुपये काढतात, तेही शंभराच्या नोटांत. नवीन कॅशियरनं त्यांना हजार रुपयांच्या बाई समजून जरा तोडून उत्तर दिलं. मग त्यानं स्क्रीनवर शिल्लक पाहिली आणि उठून त्यांना खुर्ची दिली. गँडाल्फचं खातं नेमकं तसं आहे. तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टात टोल्किननं 1955 सालीच लिहून ठेवलंय की, या जादूगारांना वरून हुकूम होता : शत्रूच्या ताकदीला ताकदीनं उत्तर द्यायचं नाही, आणि लोकांना भीती घालून मुठीत ठेवायचं नाही. गँडाल्फ कमी जादू करतो हे त्याचं दारिद्र्य नव्हे, ती त्याची शिस्त आहे. न केलेल्या जादूचा रकाना मात्र त्या कागदावर कुठे आहे?

कोननचंही हेच. त्याला 18 देऊन भागेना, म्हणून योद्ध्यांच्या 18 च्या पुढे टक्क्यांचा आणखी एक आकडा आला, आणि त्यातले शंभर टक्के लिहितात '00' असे. (बँकेत शंभराला दोन शून्यं लिहिली असती तर मला मेमो मिळाला असता.) कोननचे स्नायू मोजायला माझी हरकत नाही, हॉवर्डनंही ते भरपूर वर्णिलेत. पण 1933 मधली 'टॉवर ऑफ द एलिफंट' ही कथा घ्या. तरुण कोनन मनोऱ्यात रत्न चोरायला शिरतो आणि आत त्याला भेटतो हत्तीचं डोकं असलेला, आंधळा केलेला, वर्षानुवर्षं छळलेला एक जीव. त्याला पाहून या रानटी चोराला दया येते, आणि सगळ्या माणूसजातीचा अपराध आपल्या माथ्यावर आल्यासारखी लाज वाटते. हॉवर्ड हा मारामारीच्या पलीकडचा लेखक आहे, हे मला त्या पानावर कळलं. आता ही दया आपण कुठे लिहिणार? बुद्धीत? करिष्म्यात? निनाद म्हणाला, "मामा, ते खेळाडूनं मनात ठेवायचं." मनात ठेवलेल्या नोंदींचं काय होतं ते मी बावीस वर्षं पाहतोय.

आम्ही गंमत म्हणून फास्टर फेणेलाही त्या कागदावर बसवून पाहिला. फुरसुंगीचा हा काडीपैलवान. ताकद 7 वर दोघांचंही एकमत झालं. चपळाई 17. मग निनादनं विचारलं, "आणि 'टॉक्'?" बराच वेळ आम्ही दोघंही त्या कागदाकडे बघत बसलो. शेवटी तो कागद चहाच्या कपाखाली गेला.

मग यावर उपायच नाही का? आहे, आणि तो त्याच लोकांनी शोधला. 1984 साली मार्व्हलच्या नायकांचा खेळ निघाला. त्यात ताकद, चपळाई वगैरे सात गुणांना आकड्यांबरोबर शेरेही आहेत : 'साधारण', 'चांगला', 'उत्तम' असे चढत चढत पार 'अलौकिक'पर्यंत. आमच्या गोपनीय अहवालात असेच शेरे असायचे. फरक एवढाच, की मी 'चांगला'च्या वर कधी गेलो नाही आणि स्पायडरमॅन तिथून सुरू होतो. पण खरी गंमत पुढे आहे. या खेळात एक खातं आहे आणि त्याचं नाव चक्क 'कर्म'! सत्कृत्य केलं की जमा, दुष्कृत्य केलं की नावे. अडचणीच्या वेळी ही शिल्लक खर्चून फाशाचं दान सुधारता येतं. आणि नायकानं जीव घेतला तर सगळी शिल्लक एकदम शून्य. आपण कर्म हा शब्द कपाळावर हात मारताना वापरतो. त्या लोकांनी त्याचं पासबुक काढलं. तरी मला ते पटलं. स्पायडरमॅनची गोष्ट 1962 पासून आहेच मुळी तशी : समोरून पळणारा चोर त्यानं जाऊ दिला आणि त्याच चोरानं पुढे त्याच्या काकांना मारलं. ती एक नावे नोंद फेडण्यासाठी तो अजून भिंतींवरून हिंडतोय. त्याची ताकद किती, हा त्यापुढे किरकोळ प्रश्न आहे.

यावरही कडी केली ती ग्रेग स्टॅफर्डच्या 'पेंड्रॅगन'नं. 1985 चा हा खेळ किंग आर्थरच्या सरदारांचा. निनादनं नियमपुस्तक उघडून दाखवलं आणि मी जवळजवळ ओरडलोच. द्विनोंदी पद्धत! स्वभावाच्या तेरा जोड्या : उदार-स्वार्थी, दयाळू-निष्ठुर, नम्र-गर्विष्ठ, विश्वासू वृत्तीचा-संशयी, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज 20 झालीच पाहिजे. इकडे एक वाढला की तिकडे एक घटला. शिवाय नायकाच्या मनातल्या ओढीही आकड्यांत : धन्यावरची निष्ठा, कुणावरचं प्रेम. लान्सलॉटची राजावरची निष्ठाही मोठी आणि राणीवरचं प्रेमही मोठं. दोन्ही खाती एकाच माणसाच्या नावावर, आणि एकातून काढल्याशिवाय दुसऱ्यात भरता येत नाही! आर्थरचं राज्य का बुडालं ते मला त्या कागदावरून, कादंबरी न वाचता समजलं. नायकाचं भाषांतर म्हणतात ते असं असावं.

आणि मग गँडाल्फच्या मंडळींचंही कोडं सुटतं. मोक्याच्या क्षणी फ्रोडो अंगठी फेकत नाही, तो हरतो. काम होतं ते गॉलम जिवंत असल्यामुळे, आणि गॉलम जिवंत असतो तो आधी बिल्बोनं आणि मग फ्रोडोनं दया दाखवल्यामुळे. दयेची मुदत ठेव, ऐनवेळी पिकलेली. (टोल्किननं तर बिल्बोच्या पुस्तकातलं ते प्रकरण 1951 च्या आवृत्तीत बदलून ती दया मागाहून घातली. मागील तारखेची नोंद! ऑडिटरनं पकडली नाही हे नशीब.) सहा गुणांच्या कागदावर फ्रोडो हा एक अशक्त, बुटका इसम आहे. तेरा जोड्यांच्या कागदावर तो नायक आहे.

मी हे सगळं उत्साहानं बोलत असताना निनादनं एक कोरा तेरा जोड्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला. "मामा, आता तुमचा भरा."

संशयी 16 सहज लिहिले. तो आमचा धंदाच आहे. उरले विश्वासाला 4. उदार 14 लिहिताना सौ. पाठीमागे उभी होती हे लक्षात आलं नाही.

"चौदा? कोणाच्या पैशानं?"

तडजोडीअंती 9 ठरले. मग आली दयाळू-निष्ठुर. तिथे माझं पेन थांबलं. त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या पेन्शनरना मी तीनदा परत पाठवलं होतं. हात थरथरतो, सही जुळत नाही. नियमानं मी बरोबर होतो. तिसऱ्या वेळी ते काही बोलले नाहीत, फक्त पासबुक पिशवीत घालायला त्यांना फार वेळ लागला. सही घरी बसून गिरवून, सोमवारी पुन्हा येतो म्हणाले होते. घरी मी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

मी दयाळू 12, निष्ठुर 8 लिहिलं. सौ. काही बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

"बघू या," म्हणत निनादनं वीस बाजूंचा फासा माझ्या हातात दिला. "दयाळूवर टाका. बारा किंवा खाली पाहिजे." 17 पडले. "नापास. आता निष्ठुरवर. आठ किंवा खाली." 14 पडले.

"दोन्हीकडे नापास," मी म्हणालो. "मग आता नियम काय?"

"नियम संपला मामा. दोन्ही चुकले की खेळाडूनं स्वतः ठरवायचं."

पेन्शनर आजोबा सोमवारी साडेदहाला येणार होते.