मतांची संख्याशास्त्रीय तपासणी आणि जालन्याचा निकाल : एक चिकित्सा

सब्यसाची दास यांचा २०१९ च्या लोकसभा निवडणुकीवरील शोधनिबंध २०२३ मध्ये गाजला, तेव्हा वाद प्रामुख्याने लेखकाच्या हेतूविषयी झाला. पद्धतीची चिकित्सा मागे पडली. अटीतटीच्या लढतींत कोणत्याही पक्षाचे जय-पराजय साधारण सारखेच असावेत, हे त्यांचे गृहीतक. सत्ताधारी पक्षाने थोडक्यात जिंकलेल्या जागा थोडक्यात गमावलेल्या जागांहून लक्षणीय अधिक असतील, तर संशयास वाव मिळतो. कुशल प्रचारानेही असे घडू शकते. ती शक्यता दास यांनी तपासली आहे आणि आपले निष्कर्ष गैरप्रकाराचा पुरावा नव्हेत, असेही नमूद केले आहे. हे विधान समर्थकांनी व विरोधकांनी सारख्याच निष्ठेने दुर्लक्षिले.

बेनफर्डच्या नियमाचा आधार याहून कच्चा आहे. आपल्याकडे एका मतदान केंद्रावर साधारणतः १५०० च्या आत मतदार असतात. आकड्यांचा आवाका इतका अरुंद असता पहिल्या अंकाच्या वारंवारितेवरून काहीच सिद्ध होत नाही.

मुख्य अडचण मात्र वेगळी आहे. या पद्धती समूहाविषयी बोलतात. न्यायालयापुढे एकच मतदारसंघ असतो. २०१४ मध्ये जालना विधानसभा मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. दास यांच्या पद्धतीच्या आलेखात ही लढत शून्याजवळचा एक बिंदू ठरली असती, इतकेच. कैलास गोरंट्याल यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ती निवड रद्द केली, ती उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झाल्याच्या कारणावरून. तेथे मतांचे आकडे निरुपयोगी होते. चित्रफिती आणि साक्षी उपयोगी पडल्या. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम केला. तोवर २०१९ ची निवडणूक होऊन गोरंट्याल आमदारही झाले होते!

तरीही संख्याशास्त्र टाकाऊ ठरत नाही. कोठे शोधावे, हे ते सांगू शकते. पण वेळेवर सांगितले तरच. निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवसांची आहे आणि दास यांचा निबंध चार वर्षांनी आला. केंद्रनिहाय मतांचा नमुना २० अनेकदा स्कॅन केलेल्या प्रतिमांच्या रूपात मिळतो. त्यातील आकडे हाताने उतरवण्यातच आठवडे जातात. त्यातच डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांच्या सार्वजनिक पाहणीवर मर्यादा आल्या, आणि मे २०२५ मध्ये, याचिका नसल्यास ४५ दिवसांनंतर चित्रण नष्ट करण्याची सूचना आयोगाने दिली. उशिरा आलेल्या विश्लेषणाने एखाद्या केंद्राकडे बोट दाखवले, तरी तेथे पाहण्यासारखे चित्रण उरलेले नसेल.