व्हिलाँद्रीची बाग कोणत्या शतकातली?



फ्रान्समधील लोआर नदीच्या खोऱ्यातले शातो पाहायला जाणारा प्रवासी व्हिलाँद्रीला थांबतो तो मुख्यतः बागेसाठी. प्रवासपुस्तिकांत या बागेचा उल्लेख 'प्रबोधनकालीन उद्यान' असा येतो. इमारतीपुरते ते बरोबर आहे. राजा फ्रान्स्वा पहिला याच्या पदरी अर्थखाते सांभाळणाऱ्या जाँ ल ब्रतोंने ती उभारली आणि १५३६च्या सुमारास ती पूर्ण झाली. बाग मात्र विसाव्या शतकातली आहे. जोआकिम कार्व्हालो या स्पॅनिश डॉक्टराने आणि त्याची अमेरिकन पत्नी अॅन कोलमन हिने १९०६ साली ही मालमत्ता विकत घेतली, आणि आज तुम्हाला दिसणारी बाग त्यानंतर तयार झाली. या पाठात आपल्याला एवढेच ठरवायचे आहे की, हे कळल्यावर बागेविषयीचे आपले मत बदलावे का, आणि बदलायचे तर कोणत्या कारणाने.

आधी एका शब्दाविषयी. 'शातो'ला मराठीत सर्रास 'किल्ला' म्हटले जाते. तटबंदीच्या जुन्या शातोंना ते शोभते. पण व्हिलाँद्री किंवा शनाँसो ही राहण्याची, मिरवण्याची घरे होत. बुरूज आणि खंदक तेथे बरेचसे प्रतिष्ठेपुरते उरले होते. 'वाडा' हा शब्द अर्थाला अधिक जवळचा, पण त्याने डोळ्यांसमोर चौक आणि लाकडी खांब येतात. म्हणून येथे 'शातो' हाच शब्द ठेवला आहे. ही घरे राहण्याची आणि दाखवण्याची असल्यामुळे बाग हा घराचाच भाग असे. तिचे वाफे खिडकीतून किंवा गच्चीवरून पाहण्यासाठी आखलेले असत. व्हिलाँद्रीला गेलात तर आधी वर चढा, मग खाली उतरा. हा क्रम चुकला तर खाली तुम्हाला नुसता भाजीपाला दिसेल.

कार्व्हालो आला तेव्हा शातोभोवती एकोणिसाव्या शतकात केलेले इंग्रजी धर्तीचे उपवन होते: वळणाच्या वाटा, हिरवळ, मुद्दाम 'नैसर्गिक' वाटावीत अशी लावलेली झाडे. त्याने ते काढून टाकले आणि भौमितिक बाग आखली. आधाराला त्याच्याकडे काय होते? जागेवर सापडलेले जुन्या भिंतींचे अवशेष, मठांच्या बागांचे जुने नकाशे, आणि झाक आंद्रुए द्यु सेर्सोची शातोंच्या चित्रांची दोन खंडांतली प्रसिद्ध मालिका (१५७६ व १५७९). या मालिकेत शाँबोर आहे, शनाँसो आहे, ब्ल्वा आहे, आंब्वाज आहे. व्हिलाँद्री नाही. म्हणजे 'त्या काळातल्या बागा साधारण अशा असत' एवढेच कार्व्हालोला कळू शकत होते. 'ही बाग अशी होती' हे सांगणारा तपशीलवार आराखडा त्याच्या हाती नव्हता.

येथे दोन सोपी उत्तरे तुम्हाला मोहात पाडतील. एक, बाग नकली आहे, विषय संपला. दुसरे, सुंदर आहे ना, मग तारखा कशाला काढायच्या? दोन्ही उत्तरे पाहण्याचे कष्ट वाचवतात. त्याऐवजी नाटकाचा विचार करून पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्याला कोणी कालिदासाच्या काळातला प्रयोग म्हटले नाही, आणि नकलीही म्हटले नाही. ती एका जुन्या कृतीची नव्या काळाने, आपल्या आवडीनिवडींसह, केलेली मांडणी होती. व्हिलाँद्रीची बाग त्याच जातीची आहे. फरक एका ठिकाणी आहे आणि तो मोठा आहे: किर्लोस्करांपुढे कालिदासाची संहिता होती, कार्व्हालोपुढे नव्हती. त्याने एका हरवलेल्या नाटकाचा प्रयोग त्या काळच्या इतर नाटकांवरून बसवला. तेव्हा मूळ बागेशी ती किती जुळते हा प्रश्न येथे लागूच पडत नाही. विचारायचे ते हे की, एक रचना म्हणून ती कोठे जमली आणि कोठे फसली.

माझ्या मते ती भाजीच्या बागेत जमली आहे. सारख्या मापाचे नऊ चौक, प्रत्येकाच्या आत वेगळी भौमितिक आकृती, कडेला बॉक्सवुडच्या ठेंगण्या कातरलेल्या ओळी, आणि आत कोबी, बीट, गाजर, लीक. निळसर लीकच्या पट्ट्याशेजारी बीटाची जांभळट-लाल पाने, पलीकडे गाजराचा फिकट हिरवा पाला, असे रंगांचे ठोकळे मांडले जातात. वर्षातून दोनदा, वसंतात आणि उन्हाळ्यात, लागवड बदलते. पिकांच्या फेरपालटीमुळे आज कोबी आहे तेथे पुढच्या वेळी दुसरेच काही येते. आकृती कायम, रंग फिरते. या बागेला जुनेपणाचा आव आणताच येत नाही, कारण भाजी काढावी लागते, आणि ती काढली की चित्र मोडते. मठातल्या माळ्याची उपयुक्त शेती आणि दरबारी शोभेची आकृती यांना येथे एकमेकांना सांभाळून घ्यावे लागते. कोबी हे ज्या देशात गरिबाचे खाणे मानले गेले, तेथे तो राजवाड्यासमोर मांडण्यात थोडा खट्याळपणाही आहे.

शातोलगतच्या वरच्या टप्प्यावरची 'प्रेमाची बाग' मात्र मला पटत नाही. तिथले चार चौक म्हणजे हळुवार प्रेम, उत्कट प्रेम, चंचल प्रेम आणि शोकान्त प्रेम. पहिल्यात बदामाचे आकार, दुसऱ्यात तेच भंगलेले, तिसऱ्यात पंखे आणि चिठ्ठ्या, चौथ्यात खंजिरांची पाती आणि लाल फुले. कल्पना मजेशीर आहे, पण एकदा अर्थ सांगितला की पाहण्यासारखे फारसे उरत नाही. माहितीफलक वाचून लोक माना डोलावतात आणि पुढे जातात. भाजीच्या बागेला फलक लागत नाही. रूपक आकारातूनच कळायला हवे. ते मथळ्यावर अवलंबून असेल तर समीक्षकाने तसे स्पष्ट लिहावे, मग बाग कितीही नावाजलेली असो.

कार्व्हालोची भूमिका तटस्थ संशोधकाची नव्हती, हेही ध्यानात ठेवा. श्रद्धाळू कॅथलिक असलेल्या या माणसाचा श्रेणीबद्ध व्यवस्थेवर विश्वास होता आणि इंग्रजी उपवन त्याला अव्यवस्थेचे लक्षण वाटे. वर पाण्याची बाग, मध्ये शोभेची, खाली भाजीची: हे तीन टप्पे जमिनीच्या उताराने आले आहेत, तसेच या विचारानेही आले आहेत. ज्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो त्यात कोणता काळ वाचवायचा आणि कोणता पुसायचा याची निवड असते. व्हिलाँद्रीचे एकोणिसावे शतक पुसले गेले, त्याची हळहळ फारशी कोणाला वाटली नाही. (उलट दिशेचे उदाहरण आपल्याकडे आहे. कार्व्हालोने व्हिलाँद्री घेण्याच्या थोडेच आधी, लॉर्ड कर्झनच्या काळात, ताजमहालाची बाग हिरवळीची झाली. तेथे इंग्रजी आवड आत आली, येथे ती बाहेर गेली.)

१९२४ साली कार्व्हालोने ऐतिहासिक घरांच्या खाजगी मालकांची 'ला दमर इस्तोरिक' ही संघटना स्थापन केली. मालकांनी आपली घरे लोकांना दाखवावीत आणि त्यांच्या जतनाला आधार मिळवावा, हा तिचा रोख. तेव्हा तिकीट काढून शातो 'पाहणे' हा तुमचा अनुभवदेखील बराचसा विसाव्या शतकाने घडवलेला आहे.

शनाँसोबद्दल थोडक्यात. आंरी दुसरा १५५९ मध्ये वारला, राणी कातरीन द मेदिचीने त्याची प्रेयसी दियान द प्वातिए हिच्याकडून शनाँसो घेतले आणि बदल्यात शोमों दिले, ही कथा वाटाडे रंगवून सांगतात. त्या नादात दियानच्या बागेचा दगडी चौथरा कोणी पाहत नाही. शेर नदीच्या पुरापासून वाचण्यासाठी बाग उंचावर उचलली आहे. मला त्या मत्सराच्या कथेपेक्षा हा चौथरा अधिक बोलका वाटतो.

पॅरिसच्या आग्नेयेला असलेल्या व्हो-ल-व्हिकाँतला वेगळाच पेच आहे. अर्थमंत्री निकोला फुकेने १७ ऑगस्ट १६६१ रोजी चौदाव्या लुईला येथे मेजवानी दिली आणि ५ सप्टेंबरला त्याला अटक झाली. त्याचे कलावंत पुढे व्हर्सायला गेले, त्यांत उद्यानकार आंद्रे ल नोत्र होता. येथे ल नोत्रचे कर्तृत्व जमिनीच्या चढउतारात आहे. शातोच्या पायऱ्यांवरून पलीकडची लेणीवजा भिंत हौदांना लागूनच असल्यासारखी दिसते. चालत गेलात की ती मागे सरकत जाते आणि मध्येच आडवा, तोवर पूर्णपणे लपलेला कालवा समोर येतो. ही जादू मूळ आराखड्याची आहे आणि आजही चालते. पण शातोसमोरची बॉक्सवुडची वेलबुट्टी आशिल द्युशेनने १९२०च्या दशकात आखलेली होती. रोग आणि किडीने ती खंगली, झुडपे उपटावी लागली, आणि २०१९ मध्ये त्या जागी पात्रिक ऊरकादने अॅल्युमिनियमच्या फितींची तात्पुरती रचना मांडली.

अनेकांना हा अपमान वाटेल. गेले ते ल नोत्रचे नव्हते, द्युशेनचे होते, आणि आलेल्या फिती आपण नव्या आहोत हे लपवत नाहीत. म्हणून मला त्या पटतात. पण पुढे कायमचे काय लावायचे? ल नोत्रची रेषा नेमकी माहीत नसताना ती 'परत' लावायची, द्युशेनची रेषा आता स्वतःच शंभर वर्षांची झाली म्हणून तीच राखायची, की रोगाला न जुमानणारे दुसरे झुडूप घेऊन नवी रेषा काढायची? तुमच्या निबंधात यांपैकी एक बाजू घ्या, आणि ती घेताना कोणते शतक पुसले जाईल त्याचे नाव लिहा.