चौक टिपणारे हात

१९९२ साली कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतातल्या ६२ खेडूत बायकांच्या हाती कॅमेरे दिले. जिच्या जगण्याचा अभ्यास करायचा तिनेच छायाचित्र काढायचं आणि त्याचा अर्थही तिनेच सांगायचा, ही त्यामागची कल्पना. ‘फोटोव्हॉइस’ म्हणून ती पुढे शहरांतल्या चौक-बागांपर्यंत पोचली. तिचं सौंदर्य बारकाव्यांत आहे.

पहिला बारकावा उंचीचा. उदाहरणार्थ दीपनगर, भुसावळच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. बदलीवर आलेली कुटुंबं, कंत्राटी कामगार आणि आसपासच्या गावांतली माणसं भाजीबाजारात एकत्र येतात. लेवा बोली, वऱ्हाडी, हिंदी एकाच वेळी कानावर पडतात. तिथे उभ्या गिऱ्हाइकाने फोटो काढला, तर भरताच्या वांग्यांचा ढीग आणि भाजीवालीच्या डोक्यावरचा पदर एवढंच येईल. तोच फोटो पाचवीतल्या मुलीने काढला, तर भाजीवालीचे डोळे समोर येतील. हातभर उंची बदलली की बाजाराचा केंद्रबिंदू बदलतो. किती साधी, आणि किती अचूक युक्ती!

दुसरा बारकावा चौकटीच्या कडेचा. ‘पुकार’ संस्थेच्या प्रकल्पात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या सार्वजनिक जागांवर बायकांचा वावर अभ्यासला. त्यातून २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक आलं. बाईला बाहेर थांबायला काहीतरी कारण दाखवावं लागतं, हे त्यांचं मर्मग्राही निरीक्षण. ते मनात ठेवून चहाच्या टपरीचा कुठलाही फोटो पाहावा. मध्यभागी गाडीला रेलून निवांत उभे पुरुष. कडेला हातात पिशवी धरून पाऊल उचललेली बाई. काढणाऱ्याचं लक्षही नसतं, पण कड नेमकं बोलून जाते.

तिसरा बारकावा काढलेल्या फोटोंवरच्या गप्पांचा. इथे काय दिसतं? खरं काय घडतंय? आपल्या जगण्याशी त्याचा संबंध काय? असं का? काय करता येईल? या प्रश्नांचा क्रम देखणा आहे. पहिल्याचं उत्तर कुणालाही देता येतं, म्हणून बुजरा माणूसही बोलू लागतो. तिसऱ्यापाशी तो स्वतःकडे वळतो. कडुनिंबाखालचा रिकामा बाक एखाद्या आजोबांना विसावा वाटेल. कंत्राटी मजूर म्हणेल, ‘आम्ही बसलो की कोण म्हणून विचारतात.’ एकाच चित्राचे दोन खरे अर्थ शेजारी नांदू देणं, ही या पद्धतीची खरी श्रीमंती.

आणि या सगळ्याआधी संमती. कॅमेरा हाती देण्यापूर्वी त्याच्या ताकदीवर चर्चा होते. समोरच्याला विचारूनच फोटो काढायचा, जमेल तेव्हा त्याची प्रत त्याला द्यायची. बघण्यातली ही अदब मला फार मोलाची वाटते. चौकात किती तऱ्हेची माणसं येतात हे शिरगणतीनेही कळेल. तिथे बिनकामाचं, बिनघोर कुणाला थांबता येतं, हे मात्र त्या माणसांनी स्वतः काढलेल्या आणि स्वतः उलगडलेल्या चित्रांतूनच कळतं.