दुरुस्तीची चिकित्सा : लिनक्समधील डीसीसीपी सॉकेट आणि मेमरीच्या मालकीचा प्रश्न

प्रस्तावना

संगणकीय आज्ञावलीतील दोष आणि त्यांची दुरुस्ती हा केवळ तंत्रज्ञांचा विषय मानला जातो. दोष सापडला, दुरुस्ती झाली, प्रकरण मिटले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः दुरुस्ती हेही एक लेखन आहे. तिच्यामागे दोषाचे एक वाचन असते आणि ते वाचन अपुरे असेल तर दुरुस्तीही अपुरी ठरते. प्रस्तुत लेखात लिनक्सच्या कर्नेलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, डीसीसीपी या सॉकेट-प्रकारात २०१७ ते २०२१ या काळात झालेल्या काही दुरुस्त्यांची चिकित्सा केली आहे. या दुरुस्त्यांनी लक्षणे दूर केली. मेमरीची मालकी कोणाची, हा मूळ प्रश्न मात्र दीर्घकाळ अनिर्णित ठेवला, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पार्श्वभूमी

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत तयार झालेल्या ४.२ बीएसडी या प्रणालीतून १९८३ मध्ये सॉकेटची कल्पना रूढ झाली. दोन संगणकांमधील संवादाचे हे टोक आज बहुतेक सर्व प्रणालींत आढळते. लिनक्समध्ये त्यामागील संहिता सी भाषेत लिहिलेली आहे. मेमरीचा तुकडा मागून घेणे आणि काम संपल्यावर तो परत करणे ही जबाबदारी सी भाषा सर्वस्वी लिहिणाऱ्यावर सोपवते. एकाच तुकड्याचा पत्ता अनेकांजवळ असू शकतो. त्यांपैकी खरा मालक कोण, याची नोंद भाषा ठेवत नाही. सातबाऱ्याविना जमीन कसली जावी, तसा हा व्यवहार आहे.

एकाने परत केलेला तुकडा दुसरा वापरतच राहिला, तर धोका उद्भवतो. परत केलेली जागा कर्नेल अन्य कामास देते. हल्लेखोराने तेथे स्वतःला हवा तो मजकूर भरला, तर कर्नेल तो आपलाच समजून त्यावर विसंबतो. परिणामी सामान्य वापरकर्ता संपूर्ण यंत्रणेचा ताबा मिळवू शकतो.

पहिला दोष : मोजणी असूनही दुर्लक्ष

डीसीसीपी हा संदेशवहनाचा नियम मार्च २००६ मध्ये आरएफसी ४३४० या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाला. संदेश पोहोचण्याची हमी नाही, पण जाळ्यावरील गर्दीचे नियंत्रण आहे, असे त्याचे स्वरूप होते. लिनक्समध्ये त्याची संहिता २००५ मध्येच, २.६.१४ या आवृत्तीत, समाविष्ट झाली होती.

फेब्रुवारी २०१७ मध्ये संशोधक आंद्रे कोनोवालोव्ह यांनी सिझकॉलर या चाचणी-साधनाच्या साहाय्याने या संहितेतील एक गंभीर दोष उघड केला. सीव्हीई-२०१७-६०७४ या क्रमांकाने तो नोंदला गेला. आलेल्या प्रत्येक पॅकेटसोबत कर्नेल एक संदर्भगणक ठेवतो; पॅकेट किती जण वापरत आहेत, हे त्यावरून कळते. आयपीव्ही६ सॉकेटवर एक विशिष्ट पर्याय चालू असल्यास जोडणीच्या विनंतीचे पॅकेट पुढील वापरासाठी राखून ठेवले जाई आणि गणक एकाने वाढवला जाई. परंतु बाहेरील फंक्शन गणकाकडे न पाहता ते पॅकेट सक्तीने मुक्त करी. गणकाचा मान राखणारे फंक्शन तेथे योजणे, एवढीच दुरुस्ती पुरेशी ठरली.

ही दुरुस्ती निर्दोष आहे, कारण तिचे वाचन अचूक आहे. मालकी मोजण्याची व्यवस्था अस्तित्वात होती. एका वाटेवर तिचे उल्लंघन होत होते. तरीही तो दोष सुमारे अकरा वर्षे संहितेत राहिला, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

दुसरा दोष : दुरुस्तीने दुरुस्ती पुसली

त्याच वर्षी याच संहितेत सीव्हीई-२०१७-८८२४ हा दोष नोंदला गेला. गर्दी-नियंत्रणाची माहिती सांभाळणारी एक वस्तू प्रत्येक डीसीसीपी सॉकेटला जोडलेली असते. जोडणी तोडलेला सॉकेट पुन्हा नव्या जोडण्या ऐकण्यासाठी वापरला, की येणाऱ्या जोडणीसाठी त्याची प्रतिकृती तयार होई. प्रतिकृतीत त्या वस्तूचा पत्ताही जसाच्या तसा उतरे. दोन सॉकेट, वस्तू एक, आणि दोघेही स्वतःस मालक समजणारे. डिसेंबर २०१७ मधील दुरुस्तीने जोडणी तोडतानाच ती वस्तू मुक्त करून पत्ता रिकामा केला. नकल करण्याजोगे काही उरले नाही.

मात्र वस्तूच्या आत एक टायमर होता. वस्तू मुक्त झाल्यावरही तो वाजू शके आणि मुक्त केलेल्या जागेस हात घाली. म्हणून मे २०१८ मध्ये नवी दुरुस्ती आली. आधीच्या एका तशाच दोषाचा दाखला देऊन तिने तोच उपाय योजला : वस्तू लगेच मुक्त न करता सॉकेट नष्ट होईपर्यंत थांबावे. टायमरचा प्रश्न सुटला. पण तोडलेल्या सॉकेटवर पत्ता पुन्हा शिल्लक राहू लागला आणि २०१७ चा दोष जिवंत झाला. २०२० मध्ये तो सीव्हीई-२०२०-१६११९ या नव्या क्रमांकाने उघड झाला. मुख्य संहितेत त्यावर २०२१ मध्ये इलाज झाला : प्रतिकृती तयार होताच तिच्यातील पत्ते रिकामे करावेत.

या क्रमाचे मूल्यमापन करताना असे दिसते की पहिल्या दोन दुरुस्त्यांनी ‘केव्हा मुक्त करावे’ या प्रश्नाचे उत्तर दिले. एकीने ‘लवकर’ म्हटले, दुसरीने ‘उशिरा’. प्रश्न मात्र ‘कोणाचे’ हा होता. तो तिसऱ्या दुरुस्तीने हाताळला : नकलेला मूळ सॉकेटच्या वस्तूवर हक्क नाही. दोषाचे मूळ प्रतिकृतीच्या क्षणी होते, आणि तेथे पोहोचण्यास सुमारे चार वर्षे लागली.

आक्षेप आणि विचार

लहान दुरुस्ती हाच कर्नेलच्या विकासातील शहाणपणाचा मार्ग आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो निराधार नाही. स्थिर आवृत्त्यांत स्वीकारावयाची दुरुस्ती संदर्भ-ओळींसह शंभर ओळींहून मोठी नसावी, असा नियमच आहे. मोठ्या बदलातून नवे दोष शिरण्याची शक्यता असते. परंतु तिसरी दुरुस्तीही लहानच होती. उणीव आकारात नव्हती, वाचनात होती.

दुसरा मुद्दा भाषेचा. मालकीचे नियम संकलनाच्या वेळीच तपासणाऱ्या रस्ट भाषेस डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून लिनक्समध्ये प्रारंभिक स्थान मिळाले आहे. तथापि सॉकेट-संहितेचा गाभा आजही सी भाषेतच आहे, आणि तेथे हे नियम माणसांनाच पाळावे लागतात.

डीसीसीपीची अखेर बोलकी आहे. वापरणारे जवळजवळ नव्हते. तरी अनेक वितरणांत सामान्य वापरकर्त्याने असा सॉकेट मागताच ही संहिता आपोआप कर्नेलमध्ये दाखल होत असे. उपयोग नगण्य, धोका सर्वांना. २०२३ मध्ये ती काढण्याची पूर्वसूचना देण्यात आली आणि २०२५ मध्ये ६.१६ या आवृत्तीतून ती वगळण्यात आली. अनेकदा डागडुजी केलेल्या संहितेवरील सर्वांत परिणामकारक उपाय तिचा त्याग हा ठरला.

समारोप

अध्यापकांच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व वेगळे आहे. सॉकेटच्या प्रात्यक्षिकात संदेश पलीकडे पोहोचला की विद्यार्थ्याचे काम पूर्ण मानण्याकडे आपला कल असतो. जोडणी मध्येच तुटली तर घेतलेली मेमरी कोण परत करील, हे क्वचितच विचारले जाते. उपरोक्त दोष मात्र अशाच आडवाटांवर होते. या तिन्ही दुरुस्त्या सर्वांना विनामूल्य वाचावयास उपलब्ध आहेत. त्या क्रमाने वर्गात वाचाव्यात, तिसरी दाखवण्यापूर्वी दुसरीतील उणीव विद्यार्थ्यांना शोधावयास सांगावी. दोष दूर करण्याचे शिक्षण दोष वाचण्यापासून सुरू होते. आणि ते देणे हे अध्यापकाचेच काम आहे.